आर्द्रा नक्षत्रात या: विदर्भातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना खुले पत्र

प्रति,
विदर्भातील महाविद्यालये व विद्यापीठांमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणारे, शिकणारे आणि त्यात संशोधन करणारे सर्वजण,

सप्रेम नमस्कार.

मी ग्रामीण डाकसेवक आहे. पूर्व विदर्भात, धानाच्या पट्ट्यात, जंगलाला चिकटून असलेल्या पाच गावांचं टपाल मी सायकलने वाटतो. निराधारांचे पैसे, आधार कार्ड, बँकेची पत्रं, अधूनमधून एखादं कोर्टाचं समन्स. वाट बांध्यांच्या धुऱ्यावरून निघते, मामा तलावाच्या (जुन्या मालगुजारी तलावाच्या) पाळीवरून जाते आणि मग ऐन, मोह, तेंदू, बांबूच्या जंगलात शिरते. नऊ पावसाळे झाले, या वाटेवर उगवणाऱ्या सात्यांची मी वही ठेवतो आहे. तुम्ही पुस्तकात ज्यांना भूछत्र किंवा अळंबी म्हणता, त्यांना आमच्याकडे कुठे सात्या म्हणतात, कुठे टेकोडे. गोंडी बोलणाऱ्या घरांत त्यांची नावं आणखी वेगळी आहेत. छत्तीसगडकडून आलेल्या सुना त्यांना फुटू म्हणतात.

रोहिणी नक्षत्र सरत आलं आहे, मृग तोंडावर आहे. म्हणून हे पत्र आत्ताच लिहितो. दिवाळीनंतर लिहून काही उपयोग नाही, तोवर सगळं कुजून मातीत गेलेलं असतं.

मागणं एकच आहे. या पावसाळ्यात आमच्याकडे या, आमच्या बायकांबरोबर जंगलात फिरा, आणि जी नोंद होईल ती दोघांची मिळून होऊ द्या. तुमच्याशिवाय आमची ओळख अर्धी आहे. आमच्याशिवाय तुमचीही अर्धीच आहे. मला हे कसं समजलं ते सांगतो.

चार वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधी, माझ्या वाटेवरच्या एका गावात एका घरातली सहा माणसं आजारी पडली. गावाबाहेर जिथे सकाळी गुरं जमतात त्या आखरावर मोठाल्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या, टोपीवर तपकिरी खवले असलेल्या. भरपूर होत्या, एकेक ताटलीएवढी. घरात भाजीला काही नव्हतं. रात्री रस्सा केला आणि जेवून दोन तास होत नाहीत तोच उलट्या-जुलाब सुरू झाले. धाकटा पोरगा सात वर्षांचा होता, तो तर डोळे फिरवायला लागला. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘काय खाल्लं? त्यातलं काही उरलं आहे का?’ उरलं नव्हतं. भांडीसुद्धा घासून पालथी घातली होती. घरधनी सांगत होता, ‘सात्याच होत्या.’ डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: भूछत्र. त्या एका शब्दात किती जाती येतात, त्यांतली कोणती पोट ढवळते आणि कोणती यकृत जाळते, हे त्यावरून कोणाला कसं कळणार?

सहाही जण वाचले. तीन दिवस सलाईनवर होते. गावात चर्चा उरली ती एवढीच, की छत्रीवरून साप फिरला असेल.

पुढच्या वर्षी त्याच आखरावर, त्याच आठवड्यात, त्या छत्र्या पुन्हा आल्या. मी फोटो काढले आणि तालुक्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एका सरांना पाठवले. त्यांची माझी ओळख रजिस्टर पत्रावर सही घेण्यापुरतीच होती. त्यांनी लगेच फोन केला आणि विचारलं, ‘ठसा घेतला का?’ कसला ठसा, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं तसं केलं. टोपी देठापासून कापली, तिच्या खालच्या पातळ पाकळ्यांची बाजू खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवली, वर वाडगं पालथं घातलं आणि रात्रभर तशीच राहू दिली. सकाळी वाडगं उचललं तर कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी उमटली होती, आणि तिचा रंग होता हिरवा. मळकट, शेवाळी हिरवा. कोवळी असताना तिच्या पाकळ्या अगदी पांढऱ्या दिसतात, म्हणून नुसतं बघून कोणीही फसतं. सर म्हणाले, ‘हिरवा ठसा म्हणजे बहुतेक क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. ही जगभर लोकांना आजारी पाडते.’

तो कागद मी आखराशेजारच्या पानठेल्यावर चिकटवून ठेवला. तीन वर्षं झाली, त्या गावात आखरावरची छत्री कोणी घरी नेलेली नाही. सापाची गोष्टही आता कोणी सांगत नाही.

हे काम एकट्याचं नव्हतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. सर वर्षभर कॉलेजात बसले असते तरी ती छत्री त्यांच्या टेबलावर आली नसती. मी आणखी नऊ वर्षं वही लिहिली असती तरी वाडगं पालथं घालायचं मला सुचलं नसतं. नंतर सरांनीच सांगितलं, की स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी १८२१ पासून छत्र्यांची जी मोठी वर्गवारी छापली, तिच्यात बीजाणूंचा, म्हणजे ठशात उमटणाऱ्या बुरशीच्या बीजासारख्या बारीक कणांचा, रंग हा मुख्य आधार होता. दोनशे वर्षांपूर्वीची ही युक्ती. तिला लागतो एक कागद आणि एक वाडगं. ती आमच्या गावापर्यंत पोचायला सहा माणसांना सलाईन लागावं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता दुसरी बाजू.

माझी आजी ऐंशीच्या पुढची आहे. तिची वर्गवारी तुमच्यापेक्षा वेगळी. ती आधी छत्रीकडे बघतच नाही, छत्री कशावर उगवली ते बघते. वारुळाची, तणसाची, लाकडाची, शेणाची, बांबूच्या बेटातली. मग नक्षत्र कोणतं आहे ते बघते. मग सोबत कोणतं झाड आहे ते. शेवटी छत्री हातात घेते, तीही तोडून नाही. हाताने माती उकरत उकरत खाली जाते. लहानपणी मला तिने सांगितलेलं आठवतं, ‘बाबू, जिच्या मुळाखाली वारूळ नाही, तिले हात नोको लावू.’

या एका वाक्यात किती शास्त्र आहे ते मला फार उशिरा कळलं. वारुळाच्या सात्येचं देठ जमिनीखाली लांब मुळासारखं उतरतं, कधी हातभर, आणि थेट वाळवीच्या घरात पोचतं. तिथे वाळवीने चघळलेल्या पाल्यापाचोळ्याची, लाकडाची मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार रचना असते. त्यावर वाळवी ही बुरशी पिकवते. वाळवीला जे लाकूड पचत नाही ते बुरशी कुजवून देते, आणि वाळवी ती बुरशी खाते. माणसाने धान रोवायला सुरुवात केली त्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून हा किडा शेती करतो आहे. पावसाळ्यात या शेतीतून जी छत्री वर येते ती वारुळाची सात्या. तिच्या टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो, त्यानेच ती कडक माती फोडते. फ्रान्सच्या रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये या गटाला टर्मिटोमायसिस हे नाव दिलं. या गटातली एक जात, टर्मिटोमायसिस हाइमाय, १९७९ मध्ये दक्षिण भारतातून के. नटराजन यांनी नोंदवली आणि तिला हाइम यांचंच नाव दिलं. वाळवीशिवाय ही छत्री व्यापारी पद्धतीने पिकवणं आजवर जमलेलं नाही. बाजारात ढिंगरी मिळते, बटन मिळतं, ते पोत्यात नि खोलीत वाढतं. सात्या मिळते ती फक्त जंगलातून, वारूळ शाबूत असेल तिथूनच. म्हणूनच आठवडी बाजारात पळसाच्या पानावर मांडलेला तिचा वाटा मटणाच्या भावाशी बरोबरी करतो, आणि तरी नऊ वाजायच्या आत संपतो.

आजीला हाइम माहीत नाहीत. पण कोणतं वारूळ कोणत्या नक्षत्रात देतं ते तिला माहीत आहे. माझ्या वहीत एका वारुळाच्या नऊ वर्षांच्या नोंदी आहेत: सात वर्षं ते आर्द्रा किंवा पुनर्वसूत फुटलं, एक वर्ष पुष्यात, एक वर्ष फुटलंच नाही. ज्या वर्षी फुटलं नाही त्या वर्षी आजी मे महिन्यातच म्हणाली होती, ‘यंदा तिथं काही येत नाही, ट्रॅक्टरनं त्याची पाठ मोडली.’ ती वाट रुंद करताना वारुळाचा वरचा भाग सपाट झाला होता. पुढच्या वर्षी ते पुन्हा फुटलं.

तालुक्याच्या त्या सरांना बारीक सात्या हव्या होत्या. नखाएवढ्या, जमिनीवर मोगरा सांडल्यासारख्या शेकड्याने येतात त्या. त्यांच्या पुस्तकात तिचं नाव टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस होतं. दोन रविवार ते फिरले, मिळाल्या नाहीत. आजीने त्यांना ओसरीवर बसवून सांगितलं, ‘उधई जुना कचरा घरातून बाहेर आणून टाकते, तिथं बघा. पाऊस थांबून ऊन पडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी. दुपारी जाल तर पिवळ्या पडलेल्या भेटतील.’ सर तिसऱ्या रविवारी सहा वाजता आले आणि साडेसहाला त्यांचा डबा भरला होता. वाळवी जुन्या पोळ्याचे तुकडे वर आणून टाकते आणि त्यावर ही बारीक जात येते, हे शास्त्रातही असंच लिहिलेलं आहे. पण ती आमच्या शिवारात कोणत्या सकाळी भेटेल, हे शास्त्रात कुठे लिहिलेलं असणार?

यावरून कोणी असं समजू नये, की गावाला सगळं कळतं आणि शास्त्रज्ञांनी फक्त लिहून घ्यावं. मी तसं अजिबात म्हणत नाही. आमच्याकडे जीवघेण्या समजुतीही आहेत आणि त्या मोडायला मला तुमची मदत हवी आहे. किड्याने खाल्ली असेल तर माणसाला चालते, असं सर्रास म्हणतात. चांदीचा शिक्का काळा पडला नाही तर ती चांगली. तांदूळ किंवा हळद टाकून शिजवल्यावर रंग बदलला नाही तर चांगली. उकळून पाणी फेकून दिलं की विष जातं. यातलं एकही खरं नाही. ॲमानिटा गटातल्या काही जातींत जे विष असतं ते उकळून जात नाही, वाळवूनही जात नाही. आणि त्याची रीत फार क्रूर आहे. खाल्ल्यावर सहा-बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात. मग माणसाला बरं वाटायला लागतं, तो घरी परततो, आणि आतून यकृत मरत असतं. आसामात एप्रिल २०२२ मध्ये रानातली छत्री खाऊन १३ माणसं गेली. चहाच्या मळ्यातली, आपल्यासारखीच, भाजीला पैसा नसलेली माणसं.

आमच्या धानपट्ट्यासाठी यात एक वेगळा धोका आहे आणि तो नीट सांगायला हवा. धानाच्या जुन्या तणसाच्या ढिगावर करड्या रंगाची एक छत्री येते, व्होल्व्हॅरिएला. लोक ती आवडीने खातात, काही देशांत तिची शेतीही होते. तिच्या देठाच्या तळाशी पिशवीसारखी एक वाटी असते, कारण ती अंड्यासारख्या कवचातून फुटून वर येते. प्राणघातक ॲमानिटाच्या तळाशीही तशीच वाटी असते. अमेरिकेत जाऊन राहिलेल्या आशियातल्या कुटुंबांनी घरच्या ओळखीची तणसाची छत्री समजून तिथली ॲमानिटा शिजवली आणि जीव गमावले, असं घडलेलं आहे. दोघींतला फरक ठशात दिसतो: तणसाच्या छत्रीचा ठसा गुलाबी, ॲमानिटाचा पांढरा. आमच्याकडची मुलं आता कामासाठी हैदराबादला जातात, केरळात जातात, पार ईशान्येकडच्या रस्त्यांच्या कामावर जातात. आजीचं ज्ञान या शिवारापुरतं खरं आहे. शिवार बदललं की तेच ज्ञान माणसाला दगा देऊ शकतं. म्हणून नुसती ‘आमची पारंपरिक ओळख’ म्हणून छाती फुगवणं मला पटत नाही. ती ओळख तपासून, लिहून, तिच्या मर्यादेसकट पोरांच्या हातात द्यायला हवी.

फोनमधल्या ॲपबद्दलही इथेच सांगतो. गावातली पोरं फोटो काढतात, ॲप एक नाव सांगतं, आणि त्याच्या जोरावर पोरं आजीशी वाद घालतात. नोंद करायला ते ॲप चांगलं आहे, मीही वापरतो. पण त्याच्या सांगण्यावर चूल पेटवू नये, हे पोरांना तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाने सांगितलं तर ती ऐकतील.

आता एक तक्रार आहे, ती मनात ठेवून पत्र संपवता येणार नाही. काही वर्षांपूर्वी एका संस्थेची माणसं आमच्या भागात आली होती. दोन दिवस राहिली. चार गावांतल्या बायकांनी मजुरी पाडून, रोवणीच्या ऐन दिवसांत, त्यांना रान दाखवलं. त्यांनी टोपलीभर नमुने नेले, आजीचं बोलणं रेकॉर्ड केलं, फोटो काढले. पुन्हा कोणी आलं नाही, पत्रही नाही. मी डाकसेवक आहे, आलं असतं तर माझ्याच हातून आलं असतं. पुढे कोणीतरी मला त्यांचा छापील लेख दाखवला. त्यात माहिती देणारे म्हणून ‘स्थानिक लोक’ एवढंच लिहिलं होतं. जागा म्हणून फक्त जिल्ह्याचं नाव. कशावर उगवली, कोणत्या झाडाखाली, कोणत्या महिन्यात, यातलं काही नाही. आमच्या माणसांची नावं नाहीत याचं दुःख आहेच. पण जिल्हा एवढाच पत्ता लिहिलेल्या नोंदीवरून ती छत्री पुन्हा कोणाला सापडेल, हेही मला कळत नाही. मी एवढ्या पत्त्यावर कोणाला साधं पोस्टकार्डसुद्धा पोचवू शकत नाही.

नाव वगळण्याची ही खोड जुनी आहे, आणि फक्त आपल्याकडची नाही. इंग्लंडमध्ये बिअॅट्रिक्स पॉटर नावाच्या बाईने छत्र्यांची शेकडो चित्रं काढली, बीजाणू रुजवून बघितले. तिचा निबंध १८९७ मध्ये लंडनच्या लिनिअन सोसायटीत वाचला गेला, पण बायकांना त्या बैठकीत प्रवेश नव्हता, म्हणून तिला स्वतःला तिथे जाता आलं नाही. त्याच देशात दुसरी परंपराही आहे. हेरफर्डच्या वूलहोप क्लबात हौशी माणसांनी १८६८ पासून दर शरदात जाणकारांबरोबर छत्र्या शोधत रानात फिरायची रीत पाडली. पाद्री होते, डॉक्टर होते. अशाच फेऱ्यांमधून पुढे १८९६ मध्ये ब्रिटिश मायकॉलॉजिकल सोसायटी उभी राहिली. ज्यांना त्या कामाचा पगार नव्हता अशा माणसांनी एका शास्त्राची पायाभरणी केली. मग आमच्या टोपलीवाल्या बायकांनी ती का करू नये?

आणि आपल्याकडे काय नाही? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत प्रा. अजरेकरांच्या नावाने बुरश्यांचा वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे. तिथे नमुना जमा केला की त्याला क्रमांक मिळतो आणि शंभर वर्षांनीही कोणी तो उघडून बघू शकतं. २०१२ मध्ये जगभरच्या बुरशीतज्ज्ञांनी आयटीएस नावाचा डीएनएचा एक तुकडा बुरशीची ओळख पटवण्यासाठी ठरवून घेतला. सुपारीएवढा नीट वाळलेला तुकडा असेल तरी त्यावरून तपासणी होते. जगात आजवर नाव मिळालेल्या बुरश्यांची संख्या दीड लाखाच्या आसपास आहे, आणि प्रत्यक्षात त्या २२ ते ३८ लाख असाव्यात असा अंदाज २०१७ मध्ये मांडला गेला. म्हणजे बहुतेक बुरश्या अजून बिननावाच्या आहेत. त्यातल्या काही आमच्या बांबूच्या बेटात असतील, असं मानायला काय हरकत आहे? आपण बाजारातून जी चित्रांची पुस्तकं आणतो ती बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या छत्र्यांची असतात. त्यातलं जवळपासचं नाव आपल्या छत्रीला चिकटवलं की काम झालं, असं होऊ नये.

कायद्यातही जागा आहे. जैविक विविधता कायदा २००२ चा आहे. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. राज्याच्या जैवविविधता मंडळाचं मुख्यालय तर नागपुरातच आहे. पण मी पाहिलेल्या एका नोंदवहीत सगळ्या छत्र्यांना मिळून एकच ओळ होती: ‘भूछत्र, पावसाळ्यात, खाण्यासाठी.’ माझ्या वहीत याच शिवारातल्या एकसष्ट वेगवेगळ्या छत्र्या आहेत. त्यांतल्या बाविसांना गावाची नावं आहेत, नऊ सरांनी नाव देऊन ओळखल्या, आणि बाकीच्यांपुढे मी नुसता आकडा घातला आहे. कोण जाणे, त्यांतल्या काही एकाच जातीची कोवळी नि जून रूपं असतील. ते ठरवायला सूक्ष्मदर्शक लागतो.

आणखी एक गोष्ट, जी कायद्याच्या जाणकारांनी तुमच्याकडून समजून घ्यायला हवी. वनहक्क कायदा २००६ मध्ये गौण वनोपजाची व्याख्या आहे. वनस्पतीपासून मिळणारी, लाकूड सोडून सगळी उपज, असं म्हणून पुढे बांबू, मध, मेण, लाख, टसर, तेंदूपानं, औषधी वनस्पती, कंदमुळं ही नावं दिली आहेत. छत्रीचं नाव त्यात नाही. आणि तुम्हीच वर्गात शिकवता, की बुरशी ही वनस्पती नाही, तिचं स्वतंत्र राज्य आहे. उद्या कोणी आठवडी बाजारात सात्या विकणाऱ्या बाईला अडवलं तर तिने काय दाखवावं? यादीत मध आणि लाख येतात, मग सात्याही ‘इत्यादी’त येतेच, असं मी सांगतो. तुमच्या सहीचा कागद माझ्या शब्दापेक्षा जड पडेल.

एकत्र काम कसं होतं याचा नमुना शोधायला दूर जायला नको. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, हे सर्वांना माहीत आहे. त्याच्या कितीतरी आधीपासून त्या गावात अभ्यासगट चालत आले, हे त्या मानाने कमी लोकांना माहीत आहे. बाहेरचा शिकलेला माणूस आणि गावातला माणूस एकत्र बसतात, एकच विषय घेतात, पुरेसं समजेपर्यंत बोलतात, आणि मग निर्णय ग्रामसभा घेते. मला सात्यांचा असा अभ्यासगट हवा आहे. पाच गावांत पाच, आणि प्रत्येकात तुमच्यातलं कोणीतरी एक.

तुमची अडचण मी ओळखून आहे. जून-जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेश असतात, नवीन वर्ग असतात, परीक्षेचे निकाल असतात. वनस्पतिशास्त्राची सहल निघते डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा रस्ते कोरडे असतात आणि मुलं आजारी पडत नाहीत. पण तेव्हा आमच्याकडे बघायला लाकडावरच्या कडक बुरश्या तेवढ्या उरतात. महिनाभर या असं म्हणत नाही. आर्द्रात दोन दिवस, पुष्यात दोन दिवस, मघा-पूर्वात दोन दिवस. मधल्या दिवसांची नोंद आम्ही करू. ती कशी करायची ते मात्र पहिल्या खेपेला हाताला धरून शिकवा: फोटो वरून, खालून आणि तळासकट, उपटायची नाही तर खणायची, ठसा अर्ध्या काळ्या अर्ध्या पांढऱ्या कागदावर, कारण पांढऱ्यावर पांढरा दिसत नाही. प्लास्टिकमध्ये ठेवली तर दोन तासांत तिचा चिखल होतो, म्हणून कागदी पाकीट. या दिवसांत ऊन नसतं, चुलीवर वाळवली तर भाजते, म्हणून थोडी सिलिका जेल लागेल. एवढंच आमच्याकडे नाही.

दोन अटी आहेत. त्या माझ्या नाहीत, बायकांनी सांगितल्या आहेत. नमुना संग्रहात जाईल तेव्हा त्यावर शोधणाऱ्या बाईचं नाव आणि गावाचं नाव जावं, आणि मिळालेला क्रमांक ग्रामसभेला टपालाने यावा. दुसरी, खाण्याच्या सात्यांची नेमकी जागा कुठेही छापू नये, फोटोबरोबर नकाशावर तर मुळीच नाही. आमच्याकडे सात्याची जागा आई मुलीला सांगते, सुनेला सांगायला दोन-तीन पावसाळे घेते. त्या जागेवर तिच्या घरचं वह्या-पुस्तकांचं भागतं. शास्त्राच्या वहीत नेमकी जागा लिहून कुलपात ठेवा, बाहेर गावापुरतंच सांगा. ग्रामसभेची परवानगी मी आधीच मागून ठेवली आहे, ठराव झाला आहे.

दवाखान्यांसाठीही काही करता आलं तर बघा. एका पानाचा तक्ता पुरे: कोणत्या छत्रीचा ठसा कोणता, खाल्ल्यावर किती तासांनी त्रास सुरू झाला तर काय समजायचं, उरलेली छत्री कागदात गुंडाळून रुग्णाबरोबर आणायची. मराठीत आणि गोंडीत. तो प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंच्या पिशवीत हवा. छापून द्या, पाच गावांत मी स्वतः वाटतो.

आजीचे डोळे आता कमी झाले आहेत. गेल्या पावसाळ्यात ती जंगलात आली नाही. मी आणलेली प्रत्येक छत्री तिने हाताने चाचपून, नाकाशी धरून ओळखली, आणि दोन वेळा म्हणाली, ‘हिची जागा सांग आधी.’ यंदा ती ओसरीवर बसून तुमची वाट बघेल. तिला सांगून ठेवलं आहे, की या वेळी येणारी माणसं पुन्हाही येतील.

२२ जूनच्या सुमारास आर्द्रा लागतं. पहिला जोराचा पाऊस होऊन दोन दिवस उकडलं, की तिसऱ्या सकाळी निघायचं. फाट्यावर एसटी पावणेसहाला येते, तिथे मी सायकल घेऊन उभा असेन. येताना कागदी पाकिटं, सिलिका जेल, एक भिंग आणि जमलं तर एक सूक्ष्मदर्शक आणा. टोपल्या, खुरप्या आणि वाडगी आमच्याकडे आहेत.

आपला,
एक ग्रामीण डाकसेवक
पूर्व विदर्भ